दवाखान्यात शिरणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्यासाठी: बायोएथिक्समधला पहिला अभ्यास कसा उभा करायचा

एलएलएमच्या वर्गात इच्छामरणावर बोलायला सांगितलं तर अर्धा तास कुणीही बोलतं. मीही बोलले होते, टाळ्याही मिळाल्या होत्या. मग पीएचडीला नाव नोंदवलं, आयसीयूतल्या डॉक्टरांशी आणि रुग्णांच्या नातेवाइकांशी बोलून लिव्हिंग विलचा (शुद्ध हरपली तर कोणते उपचार हवेत-नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद) अभ्यास करायचा असं प्रस्तावात ऐटीत लिहिलं, आणि पुढचे अकरा महिने एकाही माणसाशी बोलता आलं नाही. प्रश्नावली घेऊन दवाखान्यात शिरण्याआधी काय काय लागतं, ते माझ्या विभागात कुणाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यात ज्यांना ठाऊक होतं, त्यांना वाटायचं की हिला माहीत असणारच, ही तर वकील आहे.

हा लेख त्या अकरा महिन्यांतून निघाला आहे. कायद्याकडून बायोएथिक्सकडे, म्हणजे वैद्यकातल्या नीतीच्या प्रश्नांकडे, येणाऱ्यांसाठी मुख्यतः लिहिलाय. डॉक्टर किंवा समाजकार्यवाले वाचत असतील तर त्यांनी पायरी २ नीट वाचावी आणि ४ वरून भरभर जावं, ती त्यांना बहुधा पाठ असते.

पायरी १: विषय नको, प्रश्न आणा

"अवयवदान आणि कायदा" हा विषय झाला. "सरोगसी: एक चिकित्सक अभ्यास" हाही विषयच, आणि तो शोधगंगेवर, प्रबंधांच्या संकेतस्थळावर, दर दोन पानांआड सापडतो. प्रश्न म्हणजे असं वाक्य, ज्याचं उत्तर आज तुम्हाला माहीत नाही आणि जे शोधायला नेमकं कुठे जायचं ते सांगता येतं.

माझा पहिला विषय होता "भारतातील सन्मानाने मरण्याचा अधिकार". मार्गदर्शकांनी तो चार वेळा परत केला. शेवटी उरलेला प्रश्न असा: सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये लिव्हिंग विल आणि उपचार थांबवण्याबाबतचे निर्देश सोपे केल्यानंतर, एका जिल्ह्यातल्या आयसीयूंमध्ये उपचार थांबवण्याचा निर्णय कागदावर नोंदवला जातो का, आणि कोणत्या शब्दांत? ऐकायला किरकोळ वाटतो. पण यात कायदा आहे, नीती आहे, आणि जाऊन बघण्यासारखं काहीतरी आहे.

प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारा: याचं उत्तर ग्रंथालयात बसून मिळेल का? मिळणार असेल, म्हणजे नुसते निकाल, कायदे आणि विधिमंडळातल्या चर्चा वाचायच्या असतील, तर तुम्हाला एथिक्स कमिटीकडे (संशोधनाची नैतिक बाजू तपासून मंजुरी देणारी समिती) जाण्याची गरज बहुधा पडणार नाही. तसा अभ्यास कमी प्रतीचा नसतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. या सहा वर्षांवर कागदपत्रांतून काम करायचं ठरवलं तरी एक आयुष्य पुरणार नाही. गर्भपाताच्या कायद्याचंही तसंच. १९७१ च्या कायद्यामागची समिती शांतिलाल शहा यांची, आणि ते महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री होते. म्हणजे धागा आपल्या मंत्रालयापर्यंत येतो.

माणसांशी बोलायचं असेल, केसपेपर बघायचे असतील, वॉर्डात बसून निरीक्षण करायचं असेल, तर मात्र पुढच्या सगळ्या पायऱ्या लागू.

पायरी २: चार निकाल मुळातून वाचा

सारांश नकोत, यूट्यूबही नको. इंडियन कानून किंवा सर्वोच्च न्यायालयाचं ई-एससीआर, ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. क्रम मी सुचवते तो असा.

सुरुवात लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या निकालापासून. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. गावातल्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या, त्याला पुण्याला आणलं, आणि हाड बसवताना भूल न देता जास्त जोर लावल्याचा आरोप झाला. मुलगा दगावला. निकाल १९६८ चा. डॉक्टरने रुग्ण हाती घेतला की त्याच्यावर कोणती कर्तव्यं येतात, हे आजही याच निकालाचा आधार घेऊन मांडलं जातं. माझं आजोळ गुहागरचं. पालशेतच्या त्या वाळूत मी लहानपणी खेळले आहे, आणि हा निकाल मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात पहिल्यांदा वाचला. तुम्ही एवढा उशीर करू नका.

मग समीरा कोहली, २००८. तपासणीसाठी दुर्बिणीची संमती दिलेल्या बाईची भूल उतरण्याआधी तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय काढलं गेलं. संमती म्हणजे काय, कोणाची, किती कामापुरती, हे समजायला यापेक्षा चांगला निकाल नाही. सज्ञान रुग्णाच्या वतीने घरच्यांनी सही करण्याची आपली सवय न्यायालयाला मान्य झाली नाही.

तिसरा अरुणा शानबाग, ७ मार्च २०११: हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या मुंबईच्या परिचारिकेच्या इच्छामरणाचा. चौथा कॉमन कॉज, ९ मार्च २०१८, लिव्हिंग विलला मान्यता देणारा, आणि त्याच्याच शेपटाला लागून आलेला २४ जानेवारी २०२३ चा दुरुस्तीचा आदेश.

इथे पहिला सापळा. अरुणा शानबागचा निकाल इतका गाजला की आजही पुष्कळ जण तिथेच थांबतात आणि "उपचार थांबवायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते" असं लिहून मोकळे होतात. ती व्यवस्था २०१८ मध्ये बदलली. २०१८ मध्ये लिव्हिंग विलवर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागायची. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. दवाखान्यात दोन वैद्यकीय मंडळं बसवायची, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं. एक तारीख चुकली की सगळं प्रकरण चुकतं.

हाच सापळा इतरत्रही आहे. गर्भपाताची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांसाठी २० वरून २४ आठवडे झाली. डॉक्टरांच्या निष्काळजीपणासाठी सवयीने भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ लिहिलं जातं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, आणि त्यात नोंदणीकृत डॉक्टरसाठी शिक्षेची मर्यादा वेगळी आहे. प्रत्येक कायद्याशेजारी "शेवटचं कधी तपासलं" ती तारीख वहीत टाकत जा.

निकालांखेरीज एक पुस्तिका लागेल: भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं. परिषदेच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. त्यातली चौथी, पाचवी, सहावी आणि नववी प्रकरणं कायद्यावाल्याने अक्षर न अक्षर वाचायची: नैतिक आढावा, संमती, असुरक्षित गट आणि समाजशास्त्रीय संशोधन. आणि इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्सचे जुने अंक चाळा. १९९३ मध्ये मुंबईत सुरू झालेलं हे नियतकालिक वैद्यकीय परिषदेच्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या गटाने काढलं. अमर जेसानी, सुनील पंड्या ही नावं तिथे वारंवार भेटतील. आपल्याकडे या विषयाचा जन्म तत्त्वज्ञानाच्या वर्गात झाला नाही, तो भांडणातून झाला. हे कळलं की लिहिण्याचा सूर आपोआप बदलतो.

पायरी ३: मार्गदर्शक दोन हवेत

विधी विभागातला मार्गदर्शक विद्यापीठ देईल. दुसरा तुम्हाला शोधायचा आहे: दवाखान्यात बसणारा, तुमचा प्रश्न ऐकून न चिडणारा. औपचारिक सहमार्गदर्शक झाला तर उत्तम, नाही झाला तरी दर दोन महिन्यांनी चहाला भेटणारा असला तरी चालेल. मला मिळालेल्या भूलतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत प्रश्नावलीतला "रुग्णाची इच्छा डावलण्यात आली का?" हा प्रश्न खोडला आणि म्हणाल्या, "हे उलटतपासणीत विचार. इथे विचार, शेवटचा निर्णय कसा झाला ते सांगा." एवढ्या एका बदलाने मुलाखती दहा मिनिटांवरून तासावर गेल्या.

पायरी ४: एथिक्स कमिटी

आता मुख्य दार. माणसांवरच्या जैववैद्यकीय आणि आरोग्यविषयक संशोधनाला, ते मुलाखतींपुरतं असलं तरी, संस्थेच्या एथिक्स कमिटीची आगाऊ मंजुरी लागते. आगाऊ या शब्दाखाली दोन रेघा मारा. आधी मुलाखती करून मग मंजुरी मागितली तर कमिटी मागील तारखेने देत नाही, आणि त्या मुलाखती प्रबंधात वापरता येत नाहीत. माझ्या ओळखीच्या एकाची वीस मुलाखतींची मेहनत अशी पाण्यात गेली.

कमिटीत कमीत कमी सात जण असतात, आणि बैठक चालायला निदान पाच हजर लागतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा. डॉक्टर, शास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, एक सामान्य नागरिक आणि एक कायदेतज्ज्ञ. तुमची फाइल सगळ्यात बारकाईने तो कायदेतज्ज्ञ वाचणार आहे, हे आधीच समजून असा.

कुठल्या कमिटीकडे जायचं? तुमच्या विधी महाविद्यालयात किंवा विद्यापीठात कमिटी आहे का ते पहिल्यांदा विचारा. नसेल तर आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार दुसऱ्या संस्थेशी करार करून तिच्या कमिटीकडे जाता येतं. आणि ज्या दवाखान्यात काम करणार त्याची कमिटी वेगळी असेल तर तिचीही मंजुरी बहुतेक वेळा लागते. कमिटी केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, हे सदस्य-सचिवांना नम्रपणे विचारा. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांपासून ही नोंदणी आवश्यक आहे. विचारायला संकोच वाटतो, पण नोंदणी नसलेल्या कमिटीचं पत्र पुढे नियतकालिक परत करतं.

अर्ज तीनपैकी एका वाटेने जातो: आढाव्यातून सूट, जलद आढावा, किंवा पूर्ण बैठक. जोखीम अगदीच नगण्य असेल तर सूट, किमान असेल तर जलद. कोणती वाट ते कमिटी ठरवते, तुम्ही नाही. "मी फक्त बोलणार आहे, त्यात कसली जोखीम" असं मी लिहिलं होतं. उत्तर आलं: तीन महिन्यांपूर्वी बाप गेलेल्या मुलाला त्या रात्रीबद्दल विचारणं ही जोखीम नाही का? बरोबरच होतं. पूर्ण बैठकीला गेली फाइल.

फाइलीत काय काय लागतं, त्याची माझ्या अनुभवातली यादी:

- सदस्य-सचिवांच्या नावे विनंतीपत्र, मार्गदर्शकाच्या सहीसह
- आयसीएमआरने ठरवलेला सामाईक अर्ज; काही कमिट्या आपला स्वतःचा नमुना देतात, आधी विचारा
- संशोधन प्रस्ताव, पद्धतीसह. कायद्याच्या प्रस्तावात पद्धत म्हणून जे "सैद्धांतिक व अनुभवजन्य" असं एका ओळीत उरकतात ते इथे चालत नाही
- प्रश्नावली किंवा मुलाखतीचे मुद्दे, मराठी आणि इंग्रजी
- माहितीपत्रक आणि संमतीपत्र, मराठी आणि इंग्रजी, भाषांतर बरोबर असल्याच्या दाखल्यासह
- ध्वनिमुद्रणासाठी वेगळी संमती
- तुमचा आणि मार्गदर्शकांचा सहीनिशी परिचय
- संशोधन नीतीचं किंवा गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण प्रमाणपत्र
- पीएचडी नोंदणीचं पत्र
- विभागप्रमुखांचं किंवा अधीक्षकांचं ना-हरकत पत्र
- हितसंबंध जाहीर करणारं पत्र आणि अंदाजपत्रक
- परदेशी निधी किंवा परदेशी भागीदार असेल तर केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा मुद्दा. हा फार वेळ खातो, म्हणून पहिल्या दिवशी विचारा

ना-हरकत पत्राची एक गंमत असते. अधीक्षक म्हणतात, आधी कमिटीची मंजुरी आणा. कमिटी म्हणते, आधी अधीक्षकांचं पत्र आणा. मी सहा आठवडे या दोन खोल्यांमध्ये फिरले. उपाय सोपा निघाला: "कमिटीच्या मंजुरीच्या अधीन राहून हरकत नाही" असं एक वाक्य स्वतः टाइप करून नेलं आणि त्यावर सही मागितली. सही त्याच दिवशी झाली.

बैठकीला बोलावलं तर वकिलीचा आवेश बाहेर ठेवा. आक्षेप आला की "मी पाहून दुरुस्त करते" म्हणा आणि लिहून घ्या. मी पहिल्या बैठकीत कलमं सांगून वाद घातला. फाइल परत आली, सोबत सतरा मुद्दे.

पायरी ५: माहितीपत्रक मराठीत लिहा, मराठीत आणू नका

बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा. बहुतेक माहितीपत्रकं इंग्रजीत लिहून, डीटीपीच्या दुकानात किंवा यंत्राकडून मराठीत उतरवून घेतलेली असतात, आणि ती वाचताना कळतं की लिहिणाऱ्याला सही हवी आहे, समज नको आहे.

माझ्या पहिल्या मसुद्यात लिव्हिंग विलसाठी "जिवंतपणीचे मृत्युपत्र" असा शब्द होता. शासकीय वाटला म्हणून ठेवला. कमिटीला देण्याआधी मावशीला वाचायला दिला. मावशी सातवी शिकलेली, व्यवहाराला पक्की. तिने दोन परिच्छेद वाचले, चष्मा काढला आणि विचारलं, "सही केली तर जमीन कुणाच्या नावावर जाणार?" चूक तिची नव्हती. मराठीत मृत्युपत्र म्हणजे इस्टेटीचा कागद. "इच्छापत्र" म्हटलं तरी तेच डोळ्यांसमोर येतं. पुढचं वाक्य होतं "जीवरक्षक प्रणाली काढून घेणे". त्यावर ती म्हणाली, "म्हणजे मारणार?"

दोन्ही शब्द कायद्याने बरोबर होते आणि दोन्ही खोटं सांगत होते. शेवटी कागदावर गेलं ते असं: "पुढे कधी माझी शुद्ध हरपली आणि बरं होण्याची आशा राहिली नाही, तर माझ्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे मी आजच लिहून ठेवणं. याचा पैशाशी, घराशी, जमिनीशी संबंध नाही." आणि दुसऱ्या जागी: "श्वासाचं मशीन थांबवलं तरी त्रास कमी करायची औषधं आणि शुश्रूषा चालूच राहते." लांब झालं. कमिटीतल्या एकाने लांबीबद्दल कुरकूर केली. सामान्य नागरिक म्हणून बसलेल्या बाईंनी माझी बाजू घेतली.

असेच अडणारे आणखी काही शब्द. "संशोधन" म्हटलं की लोकांना प्रयोग वाटतो, औषध टोचणार वाटतं; "अभ्यासासाठी तुमच्याशी बोलायचं आहे" म्हणा. "स्वेच्छेने" ऐवजी "नाही म्हणालात तरी इथल्या उपचारांत काही फरक पडणार नाही" लिहा, कारण मनातली खरी भीती तीच असते. "गोपनीयता राखली जाईल" हे कोण राखणार, कसं राखणार, कुठे राखणार? "तुमचं नाव माझ्या वहीत राहील, प्रबंधात येणार नाही, आवाजाची फाइल लिहून झाली की अमुक महिन्यांत पुसली जाईल" असं लिहिलं तर त्याला अर्थ आला. आणि "मृत" ऐवजी "गेले". घरच्यांशी बोलताना कागदही घरच्यासारखा बोलला पाहिजे.

दवाखाना कोकणात असेल, नंदुरबारात असेल, गोव्यात असेल तर नुसतं मराठी पुरेलच असं नाही. नंदुरबारात भिली किंवा पावरी, गोव्यात कोकणी बोलणारा सोबत घ्या आणि तसं प्रस्तावात लिहा. वाचता न येणाऱ्यांसाठी अंगठा आणि दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षर साक्षीदार लागतो. साक्षीदार म्हणून वॉर्डबॉयला उभं करू नका. सर्रास चालतं ते, पण तो दवाखान्याचाच माणूस.

मसुदा झाला की तीन जणांना वाचायला द्या आणि "समजलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "यात काय लिहिलंय ते मला सांगा" असं म्हणा.

पायरी ६: तुमचं वचन कायद्यात किती टिकतं

इथे मात्र कायद्याचा माणूस असण्याचा उपयोग होतो, आणि नेमके इथेच कायद्याचे विद्यार्थी निष्काळजी राहतात.

आपल्या पुराव्याच्या कायद्यात वकील आणि अशिलातलं बोलणं संरक्षित आहे. संशोधक आणि त्याला माहिती देणारा यांच्यातल्या बोलण्याला तसं कवच नाही. न्यायालयाने तुमच्या नोंदी मागवल्या तर "मी वचन दिलं होतं" हा बचाव नाही. म्हणून "संपूर्ण गुप्तता" असं कधीही लिहू नका. "कायद्याने भाग पाडलं नाही तर" हे शब्द घाला, आणि तोंडीही सांगा. शिवाय तुमच्याकडे वकिलीची सनद असेल तर समोरच्याला तुम्ही त्याचे वकील वाटू शकता. "मी तुम्हाला कायदेशीर सल्ला द्यायला आलेली नाही" हे वाक्य माझ्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत आहे, तरी निम्मी माणसं शेवटी विचारतातच, "मॅडम, बिलाचं काही करता येईल का?" अशा वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता खिशात ठेवते.

सगळ्यात मोठा खड्डा पॉक्सोचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचा. गर्भपात, मातृत्व, किशोरवयीन आरोग्य यांवर काम करणार असाल तर नीट वाचा. अठरा वर्षांखालच्या मुलीशी लैंगिक संबंध झाल्याचं कळलं तर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि हे बंधन फक्त डॉक्टरांवर नाही, कोणत्याही व्यक्तीवर आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या एक्स विरुद्ध प्रधान सचिव या निकालात गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीचं नाव, तिने आणि पालकांनी विनंती केल्यास, न सांगण्याची मोकळीक दिली. ती नोंदणीकृत डॉक्टरांना. तुम्ही डॉक्टर नाही. "निकाल आहे ना" म्हणून त्याच्या आडोशाला उभे राहू नका. प्रश्नावली अशी बांधा की वय आणि संबंध या गोष्टी अनावश्यक बाहेर येणार नाहीत, आणि तरी आल्या तर काय करणार ते प्रस्तावात आधीच लिहा. मुलं सहभागी असतील तर पालकांच्या संमतीसोबत सात वर्षांपासून पुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही लागतो; बाराच्या पुढे लेखी.

पायरी ७: दवाखान्यातला वावर

मंजुरी मिळाली म्हणजे माणसं बोलतील असं नाही. "वकील आली" ही बातमी तुमच्या आधी वॉर्डात पोचते. निवासी डॉक्टर गप्प होतात, सिस्टर कामात बुडतात. पहिले दोन आठवडे मी काहीच विचारलं नाही, नुसती बसले. काळा कोट तर सोडाच, पांढरा सलवार-कमीजही मी बंद केला. ओपीडीच्या वेळात कुणाला गाठू नका. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, ड्युटी बदलण्याच्या आधी, माणसं बोलतात.

निष्काळजीपणाचे दावे, बिलांची भांडणं, तोडफोडीच्या घटना या गोष्टी डॉक्टर आपणहून काढतात. ऐका, पण तुमच्या प्रश्नाचा भाग नसेल तर वहीत उतरवू नका. मंजुरी ज्याला मिळाली तेवढंच गोळा करायचं. प्रश्नावलीत एक प्रश्न जरी वाढवायचा असला तरी दुरुस्तीचा अर्ज कमिटीकडे परत जातो.

पायरी ८: पैसा

थोडक्यात सांगते, कारण आकडे आणि अटी बदलत राहतात. नेट-जेआरएफ मिळाली तर दरमहा ३७,००० रुपये, २०२३ पासूनचा दर. नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गांसाठी आहेत. जाहिरात आली की मुदत तोकडी असते, म्हणून जात आणि उत्पन्नाचे दाखले आधीच अद्ययावत ठेवा. पूर्णवेळ अधिछात्रवृत्ती घेऊन न्यायालयात उभं राहता येतं का, हे अटींमध्ये बघा आणि विद्यापीठाकडून लेखी घ्या. प्रवासाचा, मुलाखती लिहून काढण्याचा, झेरॉक्सचा खर्च कुणी धरत नाही. एक तासाची मराठी मुलाखत लिहून काढायला मला स्वतःला सहा तास लागतात, त्याचे पैसे कुणाला दिलेत तर हिशोब होतो.

पायरी ९: छापणं

कायद्यात एकट्याचं नाव, वैद्यकात सात जणांची नावं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी "आमचंही नाव येईल ना?" असं विचारलं तर लगेच हो म्हणू नका, लगेच नाहीही म्हणू नका. कामाच्या पहिल्या महिन्यात, कोणी काय केलं तर लेखक आणि कोणी काय केलं तर आभार, हे ईमेलवर ठरवून घ्या. नंतर ठरवायला गेलं की मैत्री जाते.

पैसे भरा आणि आठ दिवसांत छापा, अशा नियतकालिकांचे मेसेज येऊ लागतील. यूजीसीने आपली केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, बंद केल्यापासून पारख आपल्यालाच करावी लागते. माझी कसोटी साधी आहे: तिथले दोन लेख काढून वाचते. त्यात अरुणा शानबाग हाच चालू कायदा असेल तर लेख बंद, खिडकीही बंद.

पायरी १०: एकदा स्वतः करून बघा

हे कुठल्या नियमात नाही. ज्या प्रक्रियेचा अभ्यास करताय, त्यातली जमेल तेवढी स्वतः पार करून बघा. मी माझं स्वतःचं लिव्हिंग विल केलं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. दोन साक्षीदार मिळवायला आठवडा गेला, कारण मैत्रिणी रडायला लागल्या. नोटरींनी कागद पाहून विचारलं, "प्रॉपर्टीचा तपशील कुठाय?" मी मावशीला सांगितलं तेच त्यांना सांगितलं.

मग त्याची प्रत स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते, तसं २०२३ चा आदेश म्हणतो. महाराष्ट्रात हे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती, आणि नेमणुका झाल्या त्या त्यानंतर. मी गेले त्या कार्यालयात पहिल्या खिडकीने दुसरीकडे, दुसरीने जन्म-मृत्यू नोंदणीकडे पाठवलं. तिथले कारकून म्हणाले, "आधी मृत्यू होऊ दे, मग या." विनोद करत नव्हते ते. आदेशाची प्रत, संबंधित परिच्छेदावर खूण करून, सोबत होती म्हणून चौथ्या खिडकीवर काम झालं. त्या दुपारची दोन पानं आज माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहेत.

तुम्ही गेलात तर दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तो कागद तुम्ही दिलाच नव्हता असं समजलं जातं.